पोटातले नऊ, मस्टरातले नऊ

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, "आपण हजारो बाळंतपणं केलीत, त्यातले थरारक प्रसंग लिहा." हजारो केली की नाही ते मी कधी मोजलं नाही. आणि थरार असतो तो बाळंतिणीला, आम्हा नर्सांना नुसता घाम असतो. पण घोळ म्हणाल तर मी एक असा घातला आहे की आज इतक्या वर्षांनीही आठवला की एकटी असले तरी पदर तोंडाला लावते. तो बाळंतपणाचा नाही, तारखेचा आहे. तोच लिहिते. संपादकांना थरार हवाच असेल तर त्यांनी शेजारच्या पानावर भुताची गोष्ट छापावी.

नगर जिल्ह्याच्या कालव्याच्या पट्ट्यात एक साखर कारखाना होता. त्याच्या दवाखान्यात मी चाळीसच्या दशकात नर्स म्हणून लागले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि एक टेबल, ज्याचा चौथा पाय विटेचा होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा टांग्यातून यायचे, उरलेले दिवस मीच. माझं माहेर पारनेरकडचं, आम्ही ख्रिस्ती, माझं नाव मार्था. गोण्या शिवणाऱ्या बायकांनी त्याचं दोन दिवसांत "मारताबाई" केलं. माझ्या हातात सदानकदा इंजेक्शनची सुई असायची, त्यामुळे मला ते शोभतंय असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे.

कारखान्यात बायकांचं मोठं काम गोण्यांचं. हंगामात साखरेच्या गोण्यांची तोंडं दाभणानं शिवायची आणि हंगाम संपला की फाटक्या गोण्या दुरुस्त करायच्या, त्यामुळे त्यांना बारमाही काम असे. कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात भर पगारी विश्रांती देण्याचा कायदा तेव्हा आमच्या मुंबई इलाख्यात होता. ऐकायला सोपा होता. बाळंतपणाआधी जास्तीत जास्त चार आठवडे आणि नंतर चार आठवडे घरी बसायचं आणि भत्ता घ्यायचा. मात्र त्याला दोन कुलपं होती. पहिलं, अर्ज करायच्या दिवशी बाईची नोकरी सलग नऊ महिने झालेली पाहिजे. दुसरं, ती महिन्याभरात बाळंत होणार असं डॉक्टरनं किंवा नर्सनं चिठ्ठीवर लिहून दिलं पाहिजे. चिठ्ठी मिळाली त्या दिवसापासून आधीचा भत्ता सुरू. उशिरा मिळाली तर मधले दिवस गेले ते गेले. आणि नोकरीचे नऊ महिने भरायच्या आत मूल झालं तर काहीच नाही. बायकांनी हा सगळा कायदा पाच शब्दांत बसवला होता: पोटातले नऊ आन् मस्टरातले नऊ. मस्टर म्हणजे हजेरीचं पुस्तक, ते टाइम ऑफिसात पाठकराव टाइमकीपर यांच्या ताब्यात.

मस्टरातले नऊ पाठकराव मोजायचे, पोटातले मी. त्यांचं काम सोपं होतं, कारण त्यांच्याकडे तारखा होत्या. माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडे सणवार होते. "शेवटची बाजूला कधी बसली होतीस?" असं विचारलं की उत्तर यायचं, "शेंगा काढल्या तवा," नाहीतर "नणंद रुसून गेली त्याच्या आधल्या बाजाराला." एकदा एक नवरा स्वतः आला. लढाईचे दिवस होते आणि तो पलटणीतून दोनच दिवस रजेवर येऊन गेला होता. त्यानं खिशातून घडी घातलेला रजेचा पास काढून टेबलावर ठेवला आणि लाजून म्हणाला, "बाई, ह्याच्यावर समदं हाय." त्यावर सही होती, शिक्का होता. इतकी पक्की तारीख मला परत कुणी दिली नाही.

बाकी सगळ्यांची मी सणांवरून इंग्रजी तारीख काढायची आणि एका वहीत लिहून ठेवायची. त्या वहीचा मला भारी गर्व होता. माझी तारीख आठवड्यापेक्षा जास्त हुकत नसे, आणि मूल तारखेला आलं की मी ते स्वतःच आणल्यासारखी मिरवायची. आता सांगायला हरकत नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या माघात ठकू माझ्याकडे आली. मिरजगावाकडची, कोरडवाहू शेतीवाल्या घरातली, चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर कालव्याकाठी कामाला आलेली. अंगानं काटकुळी, बोलणं मात्र ठसठशीत. पहिलंच बाळंतपण होतं.

"शेवटची कधी बसलीस बाजूला?"

"आखाडाच्या आवशीला. दिव्यांची आवस न्हाई का, त्याच दिशी. कामावर लागून तीन आठवडं झालं हुतं."

मी खूश झाले. इतकी नेमकी बाई क्वचित मिळते. "मग आता कितवा?"

ठकूनं अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजलं, "सरावन, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गेसर, पूस... हा माघ. सातवा चालू हाय."

मी पण तिच्यामागून पेरं मोजली, सातच आली. वहीत लिहिलं: मे महिन्याचा तिसरा आठवडा. मागल्या वर्षीचं कॅलेंडर खोलीत नव्हतं, मी त्याची पानं गोळ्यांच्या पुड्या बांधायला वापरली होती. आणि पेरं एवढी स्वच्छ मोजून झाल्यावर कॅलेंडर कशाला पाहिजे?

होळीच्या सुमाराला ठकू पुन्हा आली. पोटावर हात ठेवला आणि मी मनातून दचकले. पोट माझ्या वहीपेक्षा महिनाभर पुढं होतं. त्या क्षणी शहाण्या बाईनं काय केलं असतं? वही तपासली असती. मी काय केलं? मी पोटाला चूक ठरवलं. म्हणाले, "ठकू, जुळं दिसतंय गं."

ही बातमी तासाभरात गोण्यांच्या शेडमध्ये पोचली आणि संध्याकाळपर्यंत ठकूच्या सासूकडे. सोनाबाई म्हणजे मोठी हौशी बाई. तिनं दुसऱ्या दिवसापासून सगळं जोडीनं करायला घेतलं. दोन गोधड्या, दोन झबली, दोन कुंच्या. वाण्याकडे जाऊन डिंकसुद्धा दुप्पट बांधून घेतला. मी रोज दुपारच्या भोंग्यानंतर शेडमध्ये जाऊन ठकूचं पोट बघू लागले. कधी खाली बसवून, कधी गोण्यांच्या थप्पीवर आडवी करून कान लावायची. दुसरा ठोका कुठंतरी सापडेलच असं मला वाटायचं.

त्याच आठवड्यात रसूलबी माझ्याकडे आली. ती ठकूच्या शेजारी बसून गोण्या शिवायची. तिचा नवरा कारखान्यात लोहार होता आणि ती स्वतः सहा मुलांची आई. तिनं ओसरीतूनच सांगितलं, "बाई, ठकूचं मोजनं चुकलंया. तिचं दिस जवळ आलंत. चिट्टी द्या तिला, घरी बसू द्या."

"रसूलबी," मी म्हणाले, "तू गोण्या शीव. मोजायचं मी बघते."

तिनं दाभण पदराला खोचलं होतं ते काढून हातात घेतलं आणि गेली. हे वाक्य मी तिला बोलले ते आजही मला टोचतं. कारण तो नेमका तोच आठवडा होता ज्या आठवड्यात ठकूला चिठ्ठी मिळायला हवी होती.

पाडव्याच्या सकाळी रसूलबी पुन्हा आली. या वेळी ओसरीत थांबली नाही, सरळ आत आली आणि माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"बाई, एक ईचारू? चिडू नका."

"विचार."

"गेल्या ईदला मी ठकूला शीरखुर्मा दिल्ता. ती दरसाल दोन वाट्या पिती, आमी एकाच आळीतल्या, मला ठावं हाय. त्या दिशी वाटी नाकाजवळ नेली आन् भायेर पळाली ओकायला. म्हंजी ईदला तिला दिस गेल्यालं हुतं. व्हय का न्हाई?"

"हो, मग?"

"ईदच्या आधी आमचा रमजान हुता. मी रोजं धरलं हुतं तवा ठकूच्या घरी काय चाललं हुतं सांगू? धोंडा. तिचा नवरा सासुरवाडीला धोंड्याचं जेवायला गेल्ता मिरजगावला. माझा रमजान तिचा धोंडा. त्यो महिना ठकू मोजतच न्हाई. मी चांद मोजते. ईदपासून आठवा चांद बुडाला काल."

आमच्या घरात धोंडा नाही आणि रमजानही नाही. अधिक महिना येतो, त्यात जावयाला बोलावतात, अनारसे होतात, एवढं मला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ताटांवरून माहीत होतं. पण बायका तो पोटातही धरत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी उठून तडक टाइम ऑफिसात गेले.

पाठकराव खिळ्यावरचं जुनं पंचांग काढून नवं अडकवत होते. मी म्हणाले, "जुनं टाकू नका, जरा श्रावण काढा."

"कुठला? गेल्या साली दोन होते," ते हसून म्हणाले. "अधिक श्रावण आणि निज श्रावण. तीन जावई आहेत मला बाई, अनारशांनी पार मेटाकुटीला आलो होतो."

त्यांनी पान उघडलं. दिव्यांची अमावस्या जुलैच्या मध्यावर, मग एक पूर्ण अधिक महिना, आणि तो संपल्यावर दोन दिवसांत ईद. मी उभ्या उभ्याच मोजलं. ठकूचे दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात नव्हे, पंधरा दिवसांवर भरत होते. आणि ती पोरगी त्या क्षणी शेडमध्ये उकिडवी बसून दाभण चालवत होती.

मी पळतच शेडमध्ये गेले. ठकूचे पाय घोट्यापासून सुजून गोल झाले होते. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की चूक झाली, माझी झाली, जुळं नाही, दिवस भरत आलेत, आत्ताच चिठ्ठी लिहून देते, घरी जा. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमच्या पाया पडते. तारीख हाय तशीच ऱ्हाऊ द्या. आत्ता चिट्टी दिलीत तर माझं समदंच बुडंल. मस्टरातलं नऊ माझं रामनवमीला भरत्यात. मी शिवते की आजून आठ दिस. हातानंच तर शिवायचं हाय, पोटाचं काय काम?"

"आणि रामनवमीच्या आत मूल झालं तर?"

"न्हाई व्हनार. मी दम धरीन."

मी लाखभर बायकांना दम धरायला सांगितलं असेल, पण इतका धरायला नाही. खरं सांगते, मी डळमळले. तारीख तशीच ठेवली तर माझी वही साबूत राहत होती आणि ठकूला भत्त्याची आशा. तारीख बदलली तर तिचा पैसा जाणार आणि माझी अब्रू. तो भत्ता म्हणजे बाळंतिणीचं तूप, गूळ, भाकरी. सुजलेले ते पाय समोर नसते तर मी काय केलं असतं हे मला छातीठोक सांगता येत नाही.

रसूलबी शेजारी उभी राहून ऐकत होती. ती एकदम ठकूवरच खेकसली, "आगं येडे, मस्टराचं तू कसं मोजलंस?"

"कसं म्हंजी? आखाडात लागले. सरावन, भादवा, आश्विन..."

"परत धोंडा सोडलास! पोटाला धोंडा लागला, मग मस्टराला न्हाई लागायचा व्हय? त्या महिन्यात तू गोन्या शिवल्यास का न्हाई?"

ठकू तिच्याकडे बघतच राहिली. मीही. मग आम्ही तिघी टाइम ऑफिसकडे निघालो, मी पुढे, ठकू मधे पोट सावरत आणि रसूलबी मागून तिला धरून.

पाठकरावांनी मस्टर उघडलं. त्यांनी बोट खाली खाली आणलं, नाव सापडलं, लागल्याची तारीख सापडली, मग ते मनाशी पुटपुटत महिने मोजू लागले. इंग्रजी महिने, धोंड्याला न विचारता जाणारे. "नऊ भरले," ते म्हणाले, "होळीच्या सुमारालाच भरले. एक खाडा नाही."

ठकू तिथंच जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "धोंड्या महाराजा," एवढंच ती म्हणत होती.

मी तिथंच चिठ्ठी लिहिली आणि माझ्या वहीतली मेची तारीख लाल शाईनं खोडून नवी घातली. पाठकरावांना फाइलला कारण लागायचं. त्यांनी विचारलं, "बाई, तारीख बदलण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा, नर्सनं धोंडा धरला नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी ते दोन दिवसांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आलेल्या कंपाउंडरला बोलावून पुन्हा वाचून दाखवलं, आणि पुढं वर्षभर मला "काय बाई, धोंडा धरला का?" असं विचारत राहिले. मी ऐकून घेतलं. हक्कच होता त्यांचा.

ठकू हनुमान जयंतीला बाळंत झाली, बरोबर दुपारच्या भोंग्याला. सुखरूप, आणि एकच मुलगी. सोनाबाईंनी नातीला उलटं-पालटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, दुसरं कुठंय?"

"दुसरं नाहीच, सोनाबाई."

"मंग ह्या दुसऱ्या झबल्याचं काय करू?"

ते रसूलबीनं घेतलं. तिच्या थोरलीला पाचवा होता. तो तिनं चांदांवर मोजलेला होता, त्यामुळे मी वहीत लिहिताना एक चकार शब्द काढला नाही. त्यानंतर नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी दोन प्रश्न जादा विचारू लागले: मधे धोंडा आला होता का, आणि ईद कधी होती? माझ्या दवाखान्यात कॅलेंडराशेजारी पंचांग लागलं, पाठकरावांनी दिलेलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा ते बघून बुचकळ्यात पडले होते. त्यांना म्हटलं, "हे सरकारी कामासाठी आहे."

ठकूला नंतरचे चार आठवडे पूर्ण मिळाले. आधीचे मात्र दोनच मिळाले. होळी ते पाडवा हे पंधरा दिवस कायद्यानं तिचे होते, घरी पाय वर करून पडायचे होते, आणि ते तिनं सुजल्या पायांनी गोण्या शिवण्यात घालवले, कारण रसूलबीला मी "तू गोण्या शीव" म्हणाले होते. ते भरून देण्याची सोय कुठल्याच फायलीत नव्हती.

मी निवृत्त होऊन नगरला राहायला आले. एका सकाळी दारात एक तरुण बाई उभी राहिली. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, पोटुशी होती. म्हणाली, "मी पुष्पा. म्हणजे शाळेतलं नाव. घरात मला धोंडी म्हणतात."

मला एका क्षणात ओळख पटली. तेच ठसठशीत बोलणं.

"आईनं पाठवलंय. म्हणाली, डॉक्टरांनी तारीख दिलीय ते ठीक, पण एकदा मारताबाईंकडनं धोंडा बघून घे."

मी तिला बसवलं, चहा केला आणि पंचांग काढलं. त्या वर्षी धोंडा नव्हता. तरी मी तिच्यासमोर पेरांवर अंगठा टेकवत सगळे महिने मोजले. तारीख बरोबर होती. मग राहवेना म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या आईला मी पंधरा दिवस उगाच राबवलं, तू तेव्हा तिच्या पोटात होतीस, असं म्हणाले.

ती हसली. "ते पंधरा दिवस होय? आई नेहमी सांगते. म्हणते, त्या दिवसांत मारताबाई रोज दुपारी शेडात यायच्या, पोटाला कान लावून बसायच्या. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं बाईंनी."

मी उठून कपबशी आत नेऊन ठेवली. मी तिच्या पोटात जुळं शोधत होते, माझी तारीख वाचवायला, आणि तिनं त्याची माया केली होती. हे सांगायला मी परत बाहेर आले, पण पोरीच्या तोंडाकडे बघून सांगवलं नाही.

जाताना तिनं विचारलं, "मग बाई, तारीख बरोबर आहे ना? रजेचा अर्ज तसाच देऊ?"

"तारीख बरोबर आहे," मी म्हणाले. "पण रजा पंधरा दिवस आधी घे."

"का हो?"

"घे. तुझ्या आईचे राहिलेत."